सव्वाची फेरी

चिंगी तिशीला टेकली तरी घरात चिंगीच राहिली होती. बागेत मात्र दोनच दिवसांत ती ‘मोजणीवाल्या बाई’ झाली. बागेत कोण काय करतं याचा छडा लावायचं नगरपालिकेच्या मनात आलं होतं आणि ते दहा दिवसांचं काम चिंगीच्या पदरात पडलं होतं. दर तासाला सव्वाच्या ठोक्याला एक फेरी मारायची आणि त्या क्षणी ज्या जागी जो जसा दिसेल तशी त्या जागेसमोर खूण करायची. रकाने चार होते: चालणारे, बसणारे, खेळणारे, झोपणारे.

चार रकान्यांत बाग कोंबणं म्हणजे कर्मकठीण. सकाळचे चालणारे चालायच्या वाटेला स्वतःच्या बापाची इस्टेट समजत. मध्ये कुणी उभं राहिलं की नाकं मुरडत. नातवंडं घेऊन येणाऱ्या आज्या घसरगुंडीजवळची सावली मेल्या तरी सोडत नसत. कारंज्याचा कट्टा पत्ते कुटणाऱ्या पेन्शनरांचा, कुंपणालगतचा कोपरा जोडप्यांचा. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण एकाच्या जागी दुसरा टेकला की तोंडं वाकडी झालीच.

पंपघरामागचे दोन बाक झोपणाऱ्यांचे. पहिल्याच दिवशी सव्वाअकराच्या फेरीला त्यातल्या एकावर चिंगीला तिचे बाबा दिसले. चपला उशाला, तोंडावर रुमाल.

बाबा एका शीतगृहावर रात्रपाळीचे पहारेकरी होते. घर दोन खोल्यांचं, त्यात वहिनीचं पाळणाघर. सहा पोरं आळीपाळीने भोकाड पसरायची. कंपनीत आरामाची खोली आहे, दिवसा मी तिथेच झोपतो, असं बाबा वर्षभर घरी सांगत आले होते.

“घरी बोलू नकोस,” ते उठून बसत म्हणाले. “सूनबाईला वाटेल, पोरांच्या रडण्याला कंटाळून म्हातारा घराबाहेर पडला. आणि ते खरंच आहे, म्हणून तर बोलू नकोस.”

चिंगीला हसू आलं नाही. ज्या बाकावर माणसं झोपतात त्याच्या मधोमध लोखंडी दांडा ठोकायचा, असं नगरपालिकेच्या साहेबांनी काम समजावतानाच सांगितलं होतं. दांडा बसला की आडवं होणं संपलं.

“बाबा, इथे झोपू नका ना.”

“मग कुठे झोपू, ते सांग.”

शेवटी तिनेच तोड काढली. सव्वाला पाच मिनिटं कमी असताना तिने येऊन उठवायचं, बाबांनी ताठ बसायचं, तिने ‘बसणारे’त खूण करायची, मग बाबा पुन्हा आडवे. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. आपल्या डोक्याचं तिला मोठं कौतुक वाटलं.

कौतुक तीन दिवस टिकलं. बाबा अकराला यायचे, चारला जायचे. त्या पाच तासांत ती त्यांना पाच वेळा हलवायची. गाढ झोपेतून उठताना ते दचकायचे, क्षणभर तिला ओळखायचेच नाहीत. चौथ्या दिवसापासून चिंगीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एक फेरी संपली की तिचं लक्ष घड्याळाकडे. आज्यांशी बोलताना पाय पंपघराकडे वळलेले. घरी जेवतानाही ती मधेच मनगट बघायची आणि वहिनी विचारायची, “कुठे गाडी पकडायची आहे का?”

शेजारच्या बाकावर एक टेम्पोवाला झोपायचा. त्याची खूण ती मुकाट्याने ‘झोपणारे’त करायची. सहाव्या दिवशी बाबांनी विचारलं, “त्याला नाही उठवत?”

“सगळ्यांना उठवत बसले तर मोजू कधी?”

बाबा रुमाल तोंडावर ओढून पुन्हा आडवे झाले. तिला मात्र आपलं उत्तर दिवसभर टोचत राहिलं.

आठव्या दिवशी बाबांचे डोळे लालबुंद होते. “काल कामावर डुलकी लागली. मुकादमाने पाहिलं,” ते म्हणाले. “म्हणाला, पुन्हा झोपलेला दिसलास तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस.”

“मग उद्या नाही उठवत.”

“आणि दांडा ठोकला तर? उठव तू. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

दहाव्या दिवशी सकाळी साहेब कागद तपासायला आले. पानं चाळता चाळता सहज म्हणाले, “एक-दोन दिवस कुणी झोपलं तर आपण सोडून देतो. तिसऱ्या दिवशी झोपलेला सापडला तरच त्या बाकाला दांडा. मागच्या पानावर लिहिलंय की.”

चिंगीने पान उलटलं. बारीक अक्षरात खरंच लिहिलं होतं. दहा दिवस ती पुढच्या पानावर खुणा करत होती आणि मागचं पान तिने एकदाही वाचलं नव्हतं. दोन दिवस बाबा खुशाल झोपू शकले असते. आपण बाबांची झोप राखली नाही, उलट पोखरली, हे तिला लख्ख कळलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

निदान आजचा दिवस हातात होता. बाबा आले तेव्हा त्यांना काही सांगायलाही ती थांबली नाही. सांगितलं तर तेवढीही झोप मोडायची. ते आडवे होताच घोरायला लागले. आज त्यांना कुणीच उठवणार नाही, अगदी चारपर्यंत, असं तिने ठरवून टाकलं. सव्वाअकराला ती चवड्यांवर चालत पंपघरामागे गेली, लांबच उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने ‘झोपणारे’च्या रकान्यावर पेन टेकवलं.

बाबांच्या तोंडावरचा रुमाल घसरला. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी बाकाची कड चाचपडली, पाय खाली सोडले, सदरा खाली ओढला आणि ताठ बसले.

“लिही,” ते झोपेतच म्हणाले. “बसलोय मी.”