लाल फडक्याची मेंढी

"वकील करायला मी काय चोरी केलीया व्हय गं?" लोकर कातरता कातरता आज्जा असा गरजला, की त्याच्या मांडीखालची मेंढी घाबरून मुतलीच.

"चोरी केली न्हाय म्हणूनच वकील करायचा की!" मीही काही कमी नाही.

"ह्या पोरीला दहावीत घातली आन घरात कोर्ट आलं," चुलीपुढनं आज्जीनं आपलं मत दिलं.

झालं होतं असं. मार्गशीर्षात आमची मेंढरं मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात खतासाठी बसवली होती. एका सांजेला कळपात एक पाहुणी निघाली. तोंड पांढरं आणि दोन्ही कान साबूत. आमच्या मेंढरांच्या डाव्या कानाला खाच असते. चुकून आलेल्या मेंढीचा कान कापायचा नाही, तिच्या गळ्यात लाल फडकं बांधायचं, ही आमच्यातली रीत. लांबनं मालकाला दिसावी आणि बाकीच्यांना कळावं, ही परक्याची. आज्जाने आज्जीच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधला. बाजारात चार जणांच्या कानावर घातलं. महिनाभर कुणी फिरकलं नाही.

मग पलीकडच्या गावचा मृत्युंजय आला. त्याचं टायरचं दुकान आहे, आणि हौस म्हणून त्याने मळ्यात पाच मेंढ्या पाळल्यात. संगट शिवपुत्र हवालदार.

"ही मेंढी तुमच्याकडं कशी, बाबा?"

आज्जाने छाती पुढं काढली. "व्हय, माज्याकडंच हाय! म्हैना झाला, ठिवलीया!"

आज्जाला वाटलं, मेंढी राखली म्हणून आता हे मानाचा नारळ देणार. हवालदारानं कागद काढला, सगळं लिहून घेतलं आणि आज्जाचा अंगठा घेतला. 'गुन्हा कबूल' असल्यासारखंच झालं ते. फिर्यादीची नक्कल पुढं माझ्या हातात आली, तर त्यात काय? 'ओळख पटू नये म्हणून गळ्यात लाल फडके बांधून मेंढीचे रूप पालटले.'

मी मोठ्यानं हसले. मग आज्जाकडं बघितलं. तीस पावसाळे ह्या माणसाच्या भरवशावर लोकांनी रानं उघडी टाकली होती. त्याच्या नावापुढं आता 'आरोपी'.

कोर्टाची तारीख आली तसा हवालदार फटफटीवरनं येऊन सल्लाही देऊन गेला. "कबूल म्हणा बाबा. किरकोळ दंड, दुपारच्या एस.टी.नं घरी."

आज्जाला ते पटलं! "मेंढी व्हती की माज्याकडं. न्हाय कशी म्हणू? कपाळाला बिरोबाचा भंडारा लावून खोटं बोलू?"

"आरं आज्जा, कबूल म्हणलास की जन्मभर चोराचा शिक्का! मग तुला रानात कोण बसू देईल?"

"तुला लई कळतंय."

आता खरं सांगायचं तर, कळतच होतं. श्रावणात आमच्या शाळेत कायद्याचं शिबिर झालं. पोरी समोशांकडं बघत बसलेल्या, आणि मी उठून तीन प्रश्न विचारले. माझा आवाज पहिल्यांदाच कर्ण्यातनं बाहेर आला, आणि तेव्हापासून तो आत जायला तयार नाही. तिथल्या पूनम वकीलबाईंनी सांगितलं होतं, गरिबाला कोर्टात फुकट वकील मिळतो. भीक नाही, हक्क.

मग मी आज्जाला डोळे तपासायला म्हणून तालुक्याला नेलं.

"डाक्टरीण काळ्या कोटात का गं?" आज्जा खुर्चीत बसून पुटपुटला. वकीलबाईंनी ऐकलं.

"आजोबा, मी कायद्याची डाक्टरीण. नव्या कायद्याचं कलम तीनशे तीन लागलंय तुम्हाला, चोरीचं. चोरी म्हणजे काय, माहितीय? दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याला न विचारता, लबाडीच्या इराद्यानं हलवायची. तुम्ही त्याच्या मळ्यातनं आणली का?"

"मी कशाला आणू? तिच्या चार पायांनी आली."

"लपवली?"

"लपवायची तर पैल्या दिशी कान कापला असता की, बाई! फडकं कशाला बांधू?"

वकीलबाईंचं पेन भराभर चाललं होतं. "मेंढी आता कुठंय?"

"घरी. आमच्यात."

पेन थांबलं. "जप्त केली होती ना?"

मी सांगितलं. जप्त मेंढी चौकीत बांधली. तिनं तिथली तुळस खाल्ली, टेबलावरचा अर्धा अर्ज खाल्ला, दोन रात्री कुणाला डोळा लावू दिला नाही. मृत्युंजय मेंढी सोडवायचा हुकूम कोर्टातनं आणतो म्हणाला, आणि त्याला दुकानातनं सवड होईना. तिसऱ्या दिवशी हवालदारच तिला आमच्या दारात घेऊन आला. "सांभाळा बाबा, हुकूम येईस्तवर."

"काही लिहून दिलं?"

आज्जाने पटक्यातनं घडी काढली. वकीलबाईंनी वाचलं, 'सदर मुद्देमाल मेंढी, विश्वासू व जाणकार इसम धुळाप्पा यांचे ताब्यात देत आहे.' खाली सही, शिक्का. बाईंना हसून हसून उचकी लागली. आज्जा माझ्याकडं वळून म्हणाला, "डोळं कवा तपासत्यात?"

कोर्टात पंखा खडखडत होता. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

मी मागच्या बाकावर. आज्जाने कपाळाच्या भंडाऱ्याला बोट लावलं.

"साहेब, मेंढी कबूल. चोरी न्हाय कबूल."

साहेबांनी मान वर केली. वकीलबाईंनी तो कागद पुढं सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून शिवपुत्र हवालदाराकडं बघितलं. हवालदार पंख्याकडं बघत होता.

"ज्याला चोर म्हणता, त्याच्याकडंच चोरीचा माल राखायला देता?"

"साहेब, ती दुसऱ्या कुणाकडं ऱ्हातच न्हाय."

मृत्युंजयसुद्धा हसला. पुढच्या तारखेला त्याने कोर्टाच्या परवानगीनं तक्रार मिटवली, मेंढी टेम्पोत घातली आणि नेली. नारळ मात्र दिला नाहीच.

आठव्या दिवशी सकाळी कळपात तीच पांढऱ्या तोंडाची. गळ्यात कुरतडलेल्या दोरीचं शेपूट. आज्जी म्हणाली, "हाकला त्या सटवीला!" आज्जाने तेच लाल फडकं काढलं, बांधायला वाकला आणि तसाच थांबला.

"उत्कर्षे, वही आण. लिव्ह. मेंढी आपल्या पायानं आली. फडकं बांधतोय ते रूप पालटाय न्हाय, वळखू यायला. दोन प्रती कर."

चौकीत शिवपुत्र हवालदारानं कपाळाला हात लावला. "एका मेंढीपायी अर्ज, बाबा?"

"आदी शिक्का मार," आज्जा खुर्ची ओढून बसला. "मी विश्वासू इसम हाय. कागदाबिगर मेंढी ठिवत न्हाय."