दुरुस्त झाल्याशिवाय बाहेर नाही

"काकू, हा घ्या तुमचा मिक्सर," भंगारवाला दारातून म्हणाला.

मी तेव्हा जिन्याच्या मध्यावर बसले होते. खाली उतरता येत नव्हतं आणि वर जाववत नव्हतं. गुडघ्यांनी ऐन मध्यावर संप पुकारला होता. कालच मी हा मिक्सर ह्यांची पाठ वळताच भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला होता, तोही रद्दीच्या गठ्ठ्याखाली लपवून. आणि आज हा बाबा तो परत घेऊन उभा!

"अरे, दिला ना तुला? परत कशाला आणलास?"

"दिलात की. पण मिस्त्री येऊन घेऊनच जातात ना शेवटी. मागं तो पंखा नेला, त्याआधी इस्त्री. त्यांना उन्हातान्हात हेलपाटा कशाला, म्हटलं आपणच टाकू जाता जाता."

तेवढ्यात समोरच्या खोलीतून मिस्त्री, म्हणजे माझे यजमान, बाहेर आले. त्यांनी मिक्सर दोन्ही हातांनी घेऊन पोटाशी धरला. "तरी म्हटलं, हा गेला कुठे," असं पुटपुटत ते आत वळले.

"अहो, मी जिन्यात अडकलेय!"

"आलो, आलो. आधी ह्याला ठेवून येतो."

ऐकलंत? आधी मिक्सर, मग बायको. आणि तो मिक्सर तरी कसला, आमची लेक शाळेत होती तेव्हापासून बंद पडलेला.

आमच्या घरात वर झोपायची खोली आणि खाली स्वयंपाकघर आणि समोरची खोली. ह्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, रेडिओ, इस्त्र्या, काय म्हणाल ते. दुकान बंद केलं तेव्हा सगळं सामान "दोन दिवसांसाठी" समोरच्या खोलीत आलं आणि तिथेच म्हातारं झालं. खिडकी पार बुजली. मधोमध दुकानातलं ते लांबलचक टेबल, त्यावर सामान, त्याखाली सामान, आणि सामानाच्या मधल्या बिळात हे स्टुलावर बसलेले. मी नर्स होते. आयुष्यभर ज्या गुडघ्यांवर वॉर्डातून पळाले ते आता माझ्यावर उलटले होते. जिना बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पलंग खाली आणायचा तर ठेवायचा कुठे?

ह्यांचा एक नियम होता, आणि सगळं घोडं तिथेच अडत होतं. ज्या उस्तादाकडे हे काम शिकले त्याने घालून दिलेला. नादुरुस्त वस्तू घराबाहेर द्यायची नाही. उद्या ती कुणाच्या हातात पडली तर तो म्हणेल, मिस्त्रींच्या घरची आणि बंद! म्हणून आधी दुरुस्त करायची, मग द्यायची. आणि दुरुस्त झाली की हे म्हणणार, चांगली चालतेय की, द्यायची कशाला? म्हणजे बिघडलेली द्यायची नाही म्हणून घरात आणि चालू झाली म्हणूनही घरातच. अशा माणसाबरोबर मी जन्म काढला.

त्या दिवशी मला जिन्यातून उतरवता उतरवता लेकीचा फोन आला. मी काही बोलणार नव्हते, पण आवाजावरून तिने ओळखलं.

"आई, पुन्हा अडकलीस ना? बाबांना फोन दे." आणि मग एवढ्या मोठ्याने, की मला पलीकडून सगळं ऐकू येत होतं, "बाबा, मी रविवारी येतेय. पलंग खाली आलेला नसेल तर आईला घेऊन जाणार. माझ्याकडे लिफ्ट आहे. मी चेष्टा करत नाहीये."

फोन ह्यांच्या हातातच होता. मीच तो बंद केला.

"जाशील तू?" ह्यांनी विचारलं.

"नाही तर काय करू? बसून बसून जिना उतरू रोज? द्या मला पाठवून. तुमच्या खोलीला हातही लावावा लागणार नाही."

"तुला कशी देऊ? तू नादुरुस्त आहेस."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचा रागही आला. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. लेकीचं घर छान आहे, जावई शब्दाबाहेर नाही. पण तिथे मी पाहुणी. इथल्या रस्त्यावर निम्म्या पोरांना पहिली आंघोळ मी घातलीय. मला खाली यायचं होतं, त्या बुजलेल्या खिडकीशी झोपायचं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची होती. बस, एवढंच मागणं होतं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खरोखरच कामाला लागले. मी स्वयंपाकघरातून ठोकाठोकी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, चला, उजाडलं एकदाचं. दुपारी जाऊन बघते तर काय, एक टेबलफॅन मस्त फिरत होता आणि हे त्याच्यासमोर शर्टाची बटणं उघडून बसले होते.

"बघ कसा फिरतोय! आवाज आहे का काही? हा काही द्यायचा नाही हं."

माझं डोकंच फिरलं. "अहो मिस्त्री, आमच्या वॉर्डात पेशंट बरा झाला की आम्ही काय करायचो?"

"काय?"

"डिस्चार्ज द्यायचो! बरा झालाय, छान दिसतोय, राहू दे खाटेवर, असं म्हणत बसलो असतो तर नवीन पेशंट काय माझ्या डोक्यावर झोपवला असता? तुमच्याकडे सगळे बरे होऊन खाटा अडवून बसलेत. आणि जी खरी आजारी आहे ती जिन्यात!"

पंखा माझ्याकडून ह्यांच्याकडे आणि ह्यांच्याकडून माझ्याकडे मान वळवत होता.

"डिस्चार्ज," हे हळूच म्हणाले. शब्द आवडलेला दिसत होता. "मग तो द्यायचा कुणी?"

"मोठ्या सिस्टरनं. म्हणजे मी."

आणि मग जी धमाल सुरू झाली ती काय सांगू! मी दारात खुर्ची टाकून बसले. हे आत एकेक वस्तू खोलायचे, पुसायचे, सुरू करायचे आणि माझ्यासमोर आणून ठेवायचे. मी बटण दाबून तपासायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायची. पंखा समोरच्या शिलाईवालीला गेला, तिच्या दुकानात दुपारी भट्टी होते. इस्त्री वरच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या नोकरदार पोरीला. रेडिओ पहारेकऱ्याला. प्रत्येकाला हे बजावत होते, "बटण दोनवरून एकदम पाचवर न्यायचं नाही हं. मधे जरा दम खाऊ द्यायचा त्याला." मुलीला सासरी धाडताना बापाचा होतो तसा चेहरा. पण शिलाईवालीने तिथूनच पंखा लावून हात हलवला तेव्हा हे इतके खुलले, की आत जाऊन पुढची वस्तू पळतच घेऊन आले.

काही गोष्टींचं काही होण्यासारखं नव्हतं. त्या मिक्सरचंच घ्या. हे त्याच्यावर वाकून इकडची तार तिकडे, तिकडची इकडे करत बसले होते. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, हा गेलाय. तोंडावर चादर घाला आता."

"जरा अजून बघतो."

"आम्हीही तसंच म्हणायचो. नातेवाईक बाहेर उभे असायचे ना." मी भंगारवाल्याला हाक मारली. "आणि हे बघ, आता परत आणलास तर तुलाच ठेवून घेईन."

"नाही आणत, काकू," तो हसत म्हणाला. मिक्सर घेतल्यावर त्याने ह्यांच्याकडे एकदा खात्रीसाठी बघितलं. ह्यांनी मान डोलावली.

मग माझी पाळी आली. जिन्याखालून ह्यांनी एक पत्र्याची पेटी ओढून काढली. "सिस्टर, हा पेशंट कुणाचा?"

माझीच पेटी. माझे पांढरे युनिफॉर्म, घड्या करून ठेवलेले. त्याखाली वॉर्डातले बूट.

"ते वेगळं आहे," मी म्हटलं.

"असं का? मग माझंही वेगळंच होतं की."

मी पेटी पुढ्यात ओढली. युनिफॉर्म उघडले तर घड्यांवर पिवळे पडलेले. एक अंगाला लावून बघितला. मला एकदम रडू आलं. त्या कपड्यांत मी कुणाला घाबरत नव्हते, डॉक्टरांनाही नाही. हे शेजारी येऊन बसले आणि त्यांनी एकेक बटण कापून डबीत टाकलं, बटणं उपयोगी पडतात म्हणून. राहिलेल्या कापडाची फडकी केली आणि खिडकी पुसली. अहो, केवढा उजेड आला!

शनिवारी संध्याकाळी खोलीत टेबलाशिवाय काही उरलं नव्हतं.

आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. पलंगाची लांबी ह्यांनी दोरीने मोजून आणली होती. खिडकीशी पलंग, तर टेबल दारात येत होतं. टेबल आडवं फिरवलं, तर पलंग भिंतीत घुसवावा लागला असता. ह्यांनी दोरी इकडून लावली, तिकडून लावली आणि मुकाट्याने गुंडाळून खिशात घातली. ते टेबल उस्तादाचं. तो गेल्यावर ह्यांच्याकडे आलं. आमची लेक त्याच्याखाली बसून अभ्यास करायची. ह्यांच्या कोपरांनी त्याच्या कडेला दोन खळगे पडले होते.

"असं करू," मी म्हटलं. "मी जाते काही दिवस लेकीकडे. मग बघू पुढचं."

मला वाटलं, हे म्हणतील जा. किंवा म्हणतील नको. हे कोपर टेबलाच्या खळग्यांत टेकवून तिथेच उभे राहिले. जेवायलाही हाक मारून आणावं लागलं.

रविवारी सकाळी कानस घासल्याचा आवाज आला आणि मला जाग आली. पायरी पायरीवर बसत, ह्यांच्या नावाने बोटं मोडत मी खाली आले. म्हटलं, आता काय राहिलंय दुरुस्त करायला? बघते तर हे टेबलाखाली उताणे झोपलेले, तोंडात स्क्रू, आणि टेबलाचा मागचा पाय ठाकठीक करत होते.

तो पाय मी लग्न होऊन आले तेव्हापासून डुगडुगत होता. त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची. ती झिजली की नवीन घडी. अख्ख्या गावाच्या वस्तू ह्या टेबलावर दुरुस्त झाल्या, पण टेबल तसंच. मी कितीदा म्हटलं असेल, एकदा हा पाय बघा हो.

"आज बरी सवड झाली," मी म्हटलं.

"झाली," टेबलाखालून आवाज आला.

मी आत जाऊन चहा करून आणला तेव्हा हे उठले. माझ्या हातातून चहाचा कप घेतला, काठोकाठ भरलेला, तो टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबल हलवून बघितलं. थेंब सांडला नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नादुरुस्त वस्तू हे बाहेर देत नाहीत.

"शिलाईवालीला विचारलंय मी," हे म्हणाले. "कापड बेतायला तिला लांब टेबल हवंच होतं. जमिनीवर बसून बेतते बिचारी, तिचेही गुडघे जातील." आणि मग माझ्याकडे न बघता, "सांग ना, सिस्टर."

मी पदराने टेबलाची कड पुसू लागले. गेले काही दिवस मी तो शब्द येताजाता उधळत होते, आणि आता तो ह्या टेबलासाठी उच्चारायचा होता.

"अगं, सांग. ती लोकं येतील इतक्यात."

"डिस्चार्ज," मी म्हटलं.

शिलाईवाली आणि तिचे दोघे भाऊ आले. टेबल दारातून आडवं करून काढावं लागलं. हे पुढून "सांभाळून, सांभाळून" करत रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या दुकानात टेबल नीट ठेवून, हलवून बघूनच परत आले. येताना हात शर्टाला पुसत होते. मी विचारलं, "बसलं नीट?" तर म्हणाले, "माझ्यापेक्षा तिच्याकडे शोभतंय."

त्याच भावांनी मग पलंग खाली आणून दिला. लेक आली तेव्हा मी खिडकीशी, गादीवर, पाय लांब करून बसले होते. ती बॅगसुद्धा न ठेवता दारात थबकली.

"बाबा! सगळं गेलं? आणि टेबल?"

"बरं झालं ते," हे म्हणाले. "बरं झालं की पाठवायचं असतं. तुझ्या आईचा नियम आहे."

लेक माझ्याजवळ येऊन बसली तशी पलंग एका अंगाला कलला. "अगं, हा तर डुगडुगतोय."

"थांब," म्हणून हे उठले आणि सवयीने खोलीच्या मधोमध जाऊन उजवा हात पुढे केला. तिथे हातोडी असायची. हात हवेतच राहिला. फरशीवर टेबलाच्या चार पायांच्या जागा तेवढ्या उजळ दिसत होत्या. त्यांनी हात खाली घेतला, खिशात घातला आणि पुठ्ठ्याची ती जुनी घडी बाहेर काढली. टाकवली नव्हती वाटतं. मग गुडघ्यांवर बसून ती पलंगाच्या पायाखाली सरकवली.

"सध्या चालेल," हे म्हणाले. "उद्या बघतो नीट."

"मुळीच नको," मी म्हटलं. "तुम्ही नीट कराल आणि मग ह्याला बाहेर द्याल. मला नाही जायचं कुठे."

लेक हसत उठली. मग चहा टाकते म्हणून आत गेली. हे येऊन माझ्या पायांशी बसले. पुठ्ठा असूनही पलंग जरासा त्यांच्या बाजूला कलला. समोर शिलाईवाली आमच्या टेबलावर निळं कापड पसरत होती.

"अजून हलतोय," हे म्हणाले.

"हलू दे," मी म्हटलं आणि खिडकीचा गज धरून जरा त्यांच्याकडे सरकले.