अक्षरं खाली

ओस्ताप किंद्रातोविचने बुटाच्या टोकाने अंगणातल्या तळघराच्या झाकणावर ठकठक केलं.

"हीच ना ती पाटी, मोत्रिया मावशी?"

"पाय काढ." मोत्रिया बटाटे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

झाकण म्हणजे शहराच्या वेशीवरची जुनी, ओक लाकडाची नावाची पाटी. शहराचं वेर्बोलुग हे नाव बदललं तेव्हा तिच्या वडिलांनी ती जळणात जाण्याआधी उचलून आणली आणि अक्षरं खाली करून इथे बसवली. शहर चेर्वोनोस्लाव झालं. मग कुठल्याशा मेलेल्या पक्षसचिवाच्या नावाने झारिकोव. त्या नव्या पाटीच्या उद्घाटनाची फीत धरायला पंचविशीतला ओस्तापच पुढे होता, लाल टाय लावून. आता नगराध्यक्ष झाल्यावर त्याला वेर्बोलुग परत हवं होतं, भरतकामाचा पारंपरिक सदरा घालून.

"शनिवारी समारंभ आहे. खरी पाटी लागली तर लोकांचा ऊर भरून येईल. तुला बदल्यात कोरं प्लायवूड देतो."

"तुझा ऊर कशानेही भरतो. झारिकोवच्या वेळीही भरला होता."

फाटकाशी उभा असलेला ड्रायव्हर खोकला.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मावशी."

"सदरा वेगळा होता."

तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. ड्रायव्हर समोरच्या शाळेच्या तळघराकडे पळाला. मोत्रिया स्टुलावरून उठेपर्यंत ओस्ताप झाकण उचलून खाली पोचलाही होता. ती भिंत धरत उतरली आणि तिनेच झाकण ओढून घेतलं.

मोबाइलच्या उजेडात डोक्यावर अक्षरं दिसली.

"यांच्यावरच मी वाचायला शिकले," ती म्हणाली. "जर्मन होते तेव्हा. इथेच लपून, आईच्या मांडीवर पडून."

ओस्तापने उजेड वर धरला. मधल्या एका अक्षरातून गंजलेल्या लोखंडाचं टोक खाली आलं होतं.

"हे काय?"

"तोफगोळ्याचा तुकडा. इतकाच आत आला." ती लोणच्याच्या पिंपावर बसली. "प्लायवूड किती जाडीचं देणार होतास?"

लांब कुठेतरी धडाका झाला. पायऱ्यांवर माती गळली. ओस्तापने मोबाइल विझवला.

धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा दोघं वर आली. ड्रायव्हर पहार घेऊन उभा होता.

"काढू का, साहेब?"

ओस्तापने गुडघ्यांवरची माती झटकली. "आतून कुजलीय. नवीन रंगवून घ्या."

त्याच्या थापा मोत्रिया चाळीस वर्षं ऐकत आली होती. आज पहिल्यांदाच तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती पुन्हा बटाट्यांपाशी बसली.

"ओस्ताप."

"काय, मावशी?"

"पुढच्या वेळी आधी मला उतरू दे."