मोटारीला जाळी

माझी बायको लालबी गेल्यापासून मला संध्याकाळी घरात बसवत नाही. गिरणी चालू असली की बरं वाटतं. कानात पट्ट्याचा आवाज असतो, हात पिठात असतात. म्हणून राहू गावातली माझी गिरणी मी दिवेलागणीनंतरही चालूच ठेवायचो.

अशात ग्रामपंचायतीने चावडीत रेडिओ आणला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की गाव जमायचं, आणि नेमका तेव्हाच रेडिओ कढईतल्या मोहरीसारखा तडतडायचा. माझी मोटार बंद केली की थांबायचा. पोपटराव पंचांनी येऊन बजावलं, रेडिओच्या वेळेला गिरणी बंद. मी थोडी मुदत मागून घेतली.

दौंडला कोंडिबा रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने सांगितलं, मोटारीच्या ब्रशांपाशी ठिणग्या उडतात, त्यांच्या लहरी रेडिओत शिरतात. तारेतून जाणाऱ्या लहरींसाठी त्याने कंडेन्सर दिला. हवेतून जाणाऱ्यांसाठी मोटार जाळीत कोंडायची आणि जाळीची तार जमिनीत पुरायची. आतून कोळशाची पूड लावली तर उरलेलं ती गिळेल, असं त्याने ऐकलं होतं. केलेलं मात्र कुठे पाहिलं नव्हतं.

मी कंडेन्सर मोटारीच्या तारांना जोडला, बारीक जाळीची पेटी बांधली आणि तिची तार जमिनीत पुरली. डिंकात कोळशाची पूड कालवून गोणपाटाला चोपडली आणि तो आतून चिकटवला. तरी तडतड होतीच. सोडली, पुन्हा बांधली. जेवायचंही सुचेना. मग ध्यानात आलं, पट्टा बाहेर यावा म्हणून मी हातभर फट ठेवली होती. पुली पेटीबाहेर घेतली, दांड्यापुरतं भोक ठेवलं. गोणपाटाने मोटार तापू लागली, तेव्हा वरची बाजू नुसत्या जाळीची केली.

त्या संध्याकाळी मोटार चालू केली. थोड्या वेळाने पोपटराव स्वतःच आले. जाळीत डोकावून म्हणाले, "चालू हाय न्हवं? आन् तिकडं रेडिओ कसा गुमान बोलतोय. चालव आता खुशाल."

पण दळण घेऊन कुणी आलंच नाही. एरवी या वेळी येणाऱ्या बायका चावडीच्या कट्ट्यावर होत्या. आता रेडिओ स्वच्छ ऐकू येत होता. दगडावर दगड घासायला नको म्हणून मी पट्टा उतरवला आणि मोटार तशीच फिरू दिली. नेहमी दळण आणणारी गीताबाई चावडीकडे निघाली होती, ती दारात थांबली.

"भाऊ, रिकामी कुणासाठी चालवताय वो?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "चला की चावडीत."

मी बटण बंद केलं.

चावडीत भिंतीला टेकून बसलो. उठलो, बाहेर जाऊन आलो, पुन्हा बसलो. रेडिओवर कांद्याच्या रोपांविषयी काहीतरी सांगत होते. कार्यक्रम संपला, माणसं पांगली. पोपटराव कपाटाची किल्ली घेऊन रेडिओ बंद करायला गेले.

"आबा, जरा वेळ ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"आता विंग्रजी बातम्या लागतील. तुला काय कळनार त्यातलं?"

"न्हाई कळलं तरी चालंल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली कोपरीच्या खिशात टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.