ती खोकलीच नाही

रंगाऱ्याच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागलं. ते निर्विघ्न पार पडलं, तेव्हा सुटलो एकदाचे, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी आत तीन रंगीत गोळ्या असलेलं, श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र त्याच्या हातात दिलं.

"भुलीनंतर फुप्फुसं नीट फुलत नाहीत, तळाशी कफ साचतो. दर तासाला या नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. पोटाला उशी दाबून धरायची आणि खोकायचं. दुखेल, पण करवून घ्या."

बाई गेल्यावर बायकोने एकदा श्वास ओढला. एक गोळी जेमतेम हलली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नको हो, जीव जातो माझा. उद्या करते."

एरवी भांडणात तो तिच्या प्रत्येक शब्दाला उलट उत्तर द्यायचा, पण ती रडली की त्याचं सगळं अवसान गळायचं. त्याने यंत्र बाजूला ठेवलं आणि तिचं पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "केलं का?"

"केलं की! दोन गोळ्या उचलल्या." त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

पुढच्या रात्री तिला ताप भरला, धाप लागली. सकाळी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसलाय. न्यूमोनिया आहे. व्यायाम चालू होता ना?"

"चुकलंच माझं," बाई हळूच म्हणाल्या. "मी स्वतः उभं राहून करून घ्यायला हवं होतं."

आता मात्र त्याला राहवेना. "तुमचं नाही, बाई. मी खोटं बोललो. तिने काहीच केलं नाही. मीच करवून घेतलं नाही."

बाईंनी उशी उचलून त्याच्या हातात दिली. "धरा."

औषधं सुरू झाली, नाकावर ऑक्सिजनचा मास्क चढला. तो दर तासाला तिला बसतं करायचा, पोटावर उशी दाबून "खोक" म्हणायचा. ती रडायची, त्याला नाही नाही ते बोलायची. पण तो उशी सोडायचा नाही. घट्ट पिवळा कफ पडू लागला. हळूहळू ताप उतरला.

मास्क निघाला त्या दुपारी ती म्हणाली, "आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीत. आणि ऐकलंत ते नेमकं हे!"

ती हसली. त्याला हसू आलं नाही. पेला विसळून आणतो म्हणून तो बाहेर गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिला.