नारायण पेठेतला केसाळ मारुती

त्या शनिवारी आमच्या गल्लीत रुईच्या माळांवरून मारामारी झाली. कोपऱ्यावरच्या देवळातला मारुती बिचारा बिनमाळेचा राहिला, कारण सगळ्या माळा आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याकडे निघाल्या होत्या. रांग जिन्यातून खाली, तिथून गल्लीत, गल्लीतून वळून मोठ्या रस्त्याला. पुढे ती कुठवर गेली होती ते मी सांगत नाही. म्हणाल, म्हातारा थापा मारतो. एवढंच सांगतो, की रांगेच्या शेपटाकडच्या लोकांना मराठी समजत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या तेजसच्या हॉलमध्ये, चौरंगावर साक्षात मारुतिराय बसले होते. वय महिने आठ. लाल लंगोट, तोंडात अंगठा. जन्मनाव पृथ्वीराज. कपाळावर भुवयांपासून थेट जावळापर्यंत मऊ काळी लव, गालांवर कल्ले, दंडांवर आणि पाठीवर केसच केस. जन्मला तेव्हा हाच पोरगा सोललेल्या केळ्यासारखा गुळगुळीत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता लोक त्याच्यापुढे नारळ फोडत होते, आणि प्रत्येक नारळासरशी मारुतिराय दचकून रडत होते.

"रडणं नव्हे, भुभुःकार आहे तो!" शेजारच्या खुर्चीतून केशवानंद महाराज गरजले.

या महाराजांची ओळख करून द्यायला हवी. पूर्वाश्रमी हे गृहस्थ शांपू विकायचे. मग कोणत्याशा डोंगरावर ध्यानाला बसले आणि उतरताना सोबत तेलाचा कॅन घेऊन आले. तेलाचं नाव जटामृत. कसबा पेठेतल्या एका हॉलवर दर रविवारी टकलांचा मेळा भरायचा. महाराज हातात पिवळे रबरी मोजे चढवायचे, त्यांना ते 'सोवळ्याचे मोजे' म्हणत, आणि एकेकाच्या टाळूवर तेल थापायचे. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसलेला असे. ते म्हणे डोंगरावरच्या धुनीचं भस्म.

"केस म्हणजे आत्म्याचे अँटेने," महाराज सांगायचे. "अँटेना गेला की देवाशी रेंज गेली. आम्ही टॉवर उभा करतो."

तेल लावून लोक मांडी घालून बसत. मग उठताना कुणी भेलकांडे, कुणी तिथल्या तिथे आडवा होई, कुणाच्या छातीत ढोल वाजू लागत. "शक्तिपात! शक्तिपात!" म्हणून टाळ्या पडत. आणि गंमत म्हणजे, काहींना केस खरोखरच येत होते. तुम्हाला वाटेल मी आता सांगणार की महाराजांच्या जटा खोट्या होत्या. नाही हो. जटा अस्सल होत्या, त्यांच्या वडिलांच्याही तशाच होत्या. त्यात तेलाचा काही संबंध नव्हता, इतकंच.

आमचा तेजस खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिशीतच कपाळ मागे सरकत सरकत मानेला भेटायला निघालेलं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचा. त्याच्या आईनं, दुर्गाबाईंनी, त्याला या मेळ्यात नेलं, आणि दोन महिन्यांत बापाच्या डोक्यावर थोडी लव आणि पोराच्या अंगावर जंगल! महाराज दारात धावत आले. म्हणाले, "तेलाचा प्रसाद पुढच्या पिढीत उतरला. हा अवतार आहे. येत्या शनिवारी याला जटामृताचा अभिषेक करू. मारुतीला तेल वाहतातच!"

दुर्गाबाईंनी लगेच गल्लीभर निरोप दिले. आईला, म्हणजे नम्रताला, कुणी विचारलंच नाही.

तर त्या शनिवारी, रांग ऐन भरात असताना, नम्रता आमच्या स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले.

"काका, बाळ कालपासून नीट पीत नाहीये. चार घोट घेतो आणि थांबतो. दम लागल्यासारखं करतो. छातीवर हात ठेवला तर चिमणी धरल्यासारखं फडफडतंय. आई म्हणतात, मारुतीच्या अंगी वायू असायचाच. काका, मला भीती वाटते."

आयुष्यभर मी लोकांना भुतांच्या गोष्टी सांगितल्या, पण इतका गारठा मला कधी भरला नव्हता. "चल," म्हटलं, आणि तिला घेऊन तळमजल्यावर गेलो.

तळमजल्यावर डॉक्टर सुहासिनीबाईंचा दवाखाना. त्वचारोगतज्ज्ञ. बोलणं असं, की गजकर्णानं स्वतःहून सामान बांधून निघून जावं. त्यांनी नम्रताचं सगळं ऐकलं, नळी गळ्यात टाकली आणि रांग कापत जिना चढल्या.

"ओ बाई, लाइनीत या!" कुणीतरी ओरडलं.

"मी दर्शनाला नाही आले. तुम्ही खुशाल उभे राहा, तुम्हाला सवय आहे."

हॉलमध्ये महाराजांनी मोजे चढवले होते. तेलानं भरलेलं पातेलं बाळाच्या डोक्यावर धरलेलं.

"ते खाली ठेवा," डॉक्टर म्हणाल्या आणि सरळ जाऊन बाळाच्या छातीला नळी लावली. त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी तेजसचं मनगट पकडलं. मग त्याला मोजा खाली करायला लावून घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरेचना.

"तेजस, डोक्याला काय काय लावतोस?"

"काही नाही मॅडम. फक्त महाराजांचं तेल. प्युअर हर्बल."

"खोटं!" नम्रता ओरडली, बाथरूममध्ये गेली आणि फळीवरचं सगळं ओच्यात घालून घेऊन आली. सकाळी मारायचा मेडिकलमधला स्प्रे. संध्याकाळचा, मोबाइलवर मागवलेला फेस. बारीक सुयांचा रोलर.

"म्हणजे स्प्रे, फेस, वर हे तेल," डॉक्टर म्हणाल्या. "सुयांनी आधी डोक्याची चाळण. आणि मग?"

"मग... हेल्मेट," तेजस पुटपुटला. "खराडीपर्यंत."

"वा! वाफेवरचे मोदक! महाराजांना सांगितलंस या स्प्रेबद्दल?"

"ते म्हणतात, इंग्रजी औषधानं रेंज जाते."

"आणि ज्यानं स्प्रे लिहून दिला त्याला तेलाबद्दल सांगितलंस?"

"तो हसला असता."

"शाबास. महाराजांपासून स्प्रे लपवला, डॉक्टरपासून तेल. आणि ऑफिसातून आल्यावर बाळाला कुठे घेतोस?"

"खांद्यावर," नम्रताच म्हणाली. "तो याच्या डोक्याला मिठी मारून तिथेच झोपतो. गाल टेकवून. कधी कधी टक्कल चोखतो."

डॉक्टर गर्दीकडे वळल्या.

"नीट ऐका. या स्प्रेत आणि या फेसात एकच औषध आहे, मिनॉक्सिडिल. ते आधी रक्तदाबाची गोळी म्हणून आलं. रक्तवाहिन्या सैल करतं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले, म्हणून मग ते डोक्याला लावायचं झालं. मापात, धड कातडीवर लावलं तर रक्तात फार जात नाही. पण दुप्पट लावा, कातडीला भोकं पाडा, वर झाकून उबवा, की ते पोचतं हृदयापर्यंत. छातीत धडधड, चक्कर, पायांना सूज. याच्या डोक्यावरून ते या पोराच्या गालावर गेलं, तोंडात गेलं. हा मारुती नाही. बापाच्या औषधाची बाधा झालेलं लेकरू आहे."

"पण आमच्या तेलात फक्त भस्म आहे!" महाराज गरजले. "तुमच्या इंग्रजी औषधाचं पाप आमच्या माथी का?"

"असं? मग तुमच्याकडे येऊन जे कोसळतात त्यांनी स्प्रे मारला होता का? आणि तुम्ही मोजे का घालता?"

"सोवळं!"

"चालेल. मग मी लावते तुम्हाला." डॉक्टरांनी पातेल्याच्या तळातला तो पांढरा गाळ ओंजळीत भरून घेतला. "महाराज, पुढे या. कपाळ, टाळू, छाती. लोकांनाही शक्तिपात बघू दे."

महाराज मागे सरले. डॉक्टर पुढे. महाराज टीव्हीच्या टेबलाला अडले. ओंजळ कपाळाशी पोचते तोच ते किंचाळले, "अहो बाई, नका! मला बीपीच्या गोळ्या चालू आहेत! खाली पडेन मी!"

डॉक्टरांनी हात तिथेच थांबवला.

"भस्माचा आणि बीपीचा काय संबंध हो, महाराज?"

रांगेतल्या एका टकल्या गृहस्थांना आधी समजलं. त्यांनी हातातली माळ हळूच पाठीमागे लपवली. पुढे सरकारी माणसं कसबा पेठेत गेली तेव्हा धुनी सापडली ती मिक्सरच्या भांड्यात: कुटलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्टेरॉइडच्या मलमाच्या ट्यूबा. गोळीनं केस उगवायचे, मलमानं खाज दबायची. तेलात ती पूड विरघळत नाही, म्हणून तळाशी बसायची. त्या गाळालाच लोक नमस्कार करत होते. तेजसचा हिशेब आता लागला ना? एकच औषध तीन तोंडांनी.

पण त्या क्षणी महाराजांकडे बघायला डॉक्टरांना वेळ नव्हता. "नम्रता, बाळाला साबणानं धू, अंग, गाल, हात, सगळं. तेजस, तू डोकं धू आणि त्याला हात लावू नकोस. गाडीत मागे बस. लगेच मुलांच्या हॉस्पिटलला जायचंय."

दुर्गाबाई दारात आडव्या झाल्या. "अहो, अभिषेकाचा संकल्प सोडलाय! असं उठवायचं देवाला?"

"आई," नम्रता म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा वर गेलेला ऐकला, "तुमचा देव दूध पीत नाहीये."

दुर्गाबाई बाजूला झाल्या.

बाळाला काही दिवस मशिनला तारा लावून निगराणीत ठेवलं. धडधड उतरली, भूक परतली. अंगावरचे केस गळायला त्यापुढे काही महिने लागले. तेजसनं ते सगळं बंद केलं. आता मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असतो आणि समोरच्यांना काळे चष्मे लागतात, असं मी म्हणतो. तो हसतो. आधी हसत नव्हता.

आणि ती रांग? डॉक्टर बाळाला घेऊन जिना उतरत होत्या, तेव्हा निदान पन्नास माणसांनी त्यांना कानात विचारलं, "मॅडम, पण केस खरंच येतात का हो त्यानं?" ही थाप नाही.

म्हणून स्पष्ट बोलतो. केस हवेत यात पाप नाही. डॉक्टरांना विचारून लावा, पण जे लावता ते सगळं सांगा: बाबाचं, बाजारातलं, मावशीनं गावाहून पाठवलेलं. गुणकारी म्हणजे निर्धोक नव्हे. एकानं थोडं झालं तर तिघांनी तिप्पट होईल, हे गणित डोक्याच्या आतल्या भागाला विचारून मग करा. बाटलीत काय आहे ते जो सांगत नाही, त्याची बाटली घेऊ नका. आणि लेकरू दूध पीत नसेल तर त्याला देव करू नका, दवाखान्यात न्या.