पाण्याचं वजन सांगणारी खाट

मित्रांनो, अतिदक्षता विभागाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून उभी असलेली, एका चाकानं कुरकुरणारी ती जुनी खाट म्हणजे मी. मला साधी खाट समजू नका हं. माझ्या चारही कोपऱ्यांत वजनाचे काटे बसवलेले आहेत. ज्यांना कूसही बदलता येत नाही, अशांचं वजन मी त्यांना न हलवता सांगते.

वर्धा जिल्ह्यातल्या या दवाखान्यात माझ्यावर कितीतरी माणसं निजून गेली. पण ऊर भरून सांगावी अशी गोष्ट रंभाची. समुद्रपूरकडची ही बाई नवऱ्याबरोबर वांगी, कोथिंबीर पिकवून बाजारात नेत असे. गवतातला एक बारीकसा किडा चावला, त्यातून ताप भरला आणि बघता बघता तिची फुप्फुसं थकली. श्वासाच्या यंत्रानंही भागेना, तेव्हा डॉक्टर जागृतींनी तिला एक्मो नावाच्या यंत्रावर घेतलं. हे यंत्र जाड नळीतून रक्त बाहेर ओढतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि पुन्हा अंगात सोडतं. फुप्फुसांना तेवढाच विसावा.

आली तेव्हा रंभाचा रक्तदाब पार कोसळला होता. तो सावरायला सलाईनच्या बाटल्या भराभर द्याव्या लागल्या. जीव तगला, पण पाणी अंगात साचत गेलं. माझा आकडा रोज चढू लागला. तिची बोटं इतकी सुजली, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या.

तिचा नवरा नत्थू दाराशी उभा राहून बघत होता. न राहवून त्यानं विचारलं, "म्याडम, ते जेवत नाई, पानी पेत नाई. मंग एवढी सुजली काऊन?"

जागृती मॅडम इथल्याच, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या. त्या त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलल्या.

"भाऊ, वाफ्यात पानी साचून राह्यलं तं कोथिंबिरीचं काय होते?"

"सडते."

"तिच्या फुप्फुसाचं तसंच होऊन राह्यलं."

"मंग काढून टाका ना सारं पानी!"

"एकदम काढलं तं रोप सुकते ना? यंत्राले ओढाले रक्त तं पुरलं पायजे. हळूहळू काढू."

नत्थू मान डोलावून बाकावर जाऊन बसला. वाफ्याची भाषा त्याला कळली होती.

मग औषधांनी आणि रक्तातलं जादा पाणी गाळून काढणाऱ्या गाळणीच्या यंत्रानं पाणी काढणं सुरू झालं. किती काढायचं हे ठरवताना मॅडम रंभाचा रक्तदाब, तिची लघवी, नळीतला प्रवाह असं सगळं बघत आणि माझ्याकडेही वळत. आकडा थोडा उतरला, की त्यांच्या कपाळावरची आठी सैल होई. मला तेव्हा केवढं मोठं झाल्यासारखं वाटे!

पण एके सकाळी माझा आकडा एकदम वर गेला. मॅडम दुसऱ्या रुग्णापाशी होत्या. नवे डॉक्टर अश्विन यांना वाटलं, पाणी पुन्हा साचलं. त्यांनी गाळणीचा वेग वाढवला. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, हे वजन रंभाचं नाही! कुणीतरी बॅटरीची जड पेटी माझ्या पायथ्याशी टेकवली होती आणि तिच्यावर चादर आली होती. पण मला वाचा कुठली?

दुपारी एक्मोची नळी थरथरू लागली. रक्त पुरत नव्हतं. प्रवाह घसरला, रंभाचे ओठ निळसर झाले. अश्विन सलाईनची मोठी बाटली घेऊन धावले, तोच जागृती मॅडम पोचल्या.

"बाटली हाताशी ठेव, लगेच लावू नको. गाळणी थांबव. पंपाचा वेग जरासा उतरव. आणि कुठे रक्त जातंय का, ते बघ."

रक्त कुठेच जात नव्हतं. रक्त ओढणारा पंप मंदावला, ओढ कमी झाली तशी नळी शांत झाली, प्रवाह सावरला. हळूहळू ओठांवर रंग परतला.

"वाढलं कसं मग वजन?" असं म्हणत मॅडमनी चादर उचलली. पेटी दिसली. अश्विन यांचा चेहरा उतरला.

"खाटेनं आपण ठेवलं तेच मोजलं," मॅडम म्हणाल्या. "चूक आपली आहे. यापुढे आकडा वाचण्याआधी खाट बघायची." मग बाहेर जाऊन त्यांनी नत्थूलाही घडलं ते खरं खरं सांगितलं.

त्यानंतर पाणी बेतानं निघत राहिलं. फुप्फुसं कोरडी होऊन उघडली, एक्मो सुटलं. रंभा माझ्या कठड्याला धरून उभी राहिली, तेव्हा अश्विन यांनी टाळ्या वाजवल्या आणि डोळेही पुसले.

आता नव्या खाटा आल्या आणि मी व्हरांड्यात आले. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या टाकतात, माझी वायर पायाखाली येते. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: मोजणाऱ्या वस्तूला नीट जपा आणि तिच्यावर उगाच भार टाकू नका. तिच्या आकड्यावर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो.

परवा रंभा तपासणीला आली. नत्थू म्हणाला, "याच खाटीवर होती तू."

"मले तं कायी आठवत नाई," म्हणत ती ऐसपैस बसली आणि पाय हलवत चिवडा खाऊ लागली. माझा काटा पुन्हा वर चढला. पण या वेळी ते वजन पाण्याचं नव्हतं. रंभाचं स्वतःचं होतं.